विद्यार्थी भवनाचं देणं

ठाणे-बेलापूर रस्ता. सकाळचे पावणेआठ. रबाळे एमआयडीसीतल्या या गाळ्यात पहिली पाळी सुरू व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत, पण मालक आलेत. काल रात्री उतरलेला व्हॉल्व्हचा स्पिंडल उचलून ते मायक्रोमीटर लावतात. दोन शतांश मिलिमीटर जास्त. काही न बोलता बाजूला ठेवतात.

त्यांचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. ती त्यांची अट होती.

वडील पाटण तालुक्यातले, माथाडी कामगार. आधी मस्जिद बंदरला आणि 1981 साली कांदा-बटाटा बाजार तुर्भ्याला आला तेव्हापासून इथं, उभी हयात पाठीवर पोती वाहिली. मुलगा एम.एस्सी.ला कोल्हापूरला गेला खरा, पण मेसचे पैसे काही जमेनात.

शिवाजी विद्यापीठात 'कमवा आणि शिका'चं वसतिगृह आहे. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या नावाचं विद्यार्थी भवन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ही वाट. पोरानं घाम गाळावा, पण पैशापायी शिक्षण सोडू नये. यांच्या वाट्याला विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातलं काम आलं. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. तळापासून दोन बोटं वर, सरळ. वाकडी गेली की ओल्या फडक्यानं काढायची, पुन्हा खळ लावायची. "मोजमाप मी तिथं शिकलो," ते म्हणतात.

पुढचं ते भराभर सांगतात. रबाळ्यातच नोकरी, मग भाड्याचा अर्धा गाळा, कर्ज काढून घेतलेलं जुनं लेथ, जॉबवर्क. आज संगणकावर चालणारी सहा सीएनसी मशीन आहेत.

भवनातल्या मुलांच्या मेससाठी त्यांनी कायम ठेव ठेवली आहे. शिवाय दर उन्हाळ्यात तिथली चार मुलं दोन महिने इथं येतात. कोपरखैरण्यातल्या त्यांच्या जुन्या घरात राहतात, काम शिकतात, पगार घेतात. आम्हाला ठेवीपेक्षा हे मोठं वाटलं. ऑर्डर कितीही तुंबल्या तरी रोज एक तास ते या मुलांजवळ मशीनवर उभे असतात.

यंदा भुदरगड तालुक्यातली एक मुलगी आली आहे. आज तिचा तिसरा दिवस. पाठवायच्या खोक्यांवर ती चिठ्ठ्या लावते आहे.

"पोरी, वाकडी गेली बघ."

"व्हय सर, काढते."

ते खिडकीतलं फडकं ओलं करून तिच्या हातात देतात.