तांब्याचं बूड सपाट नसतं

[टेबलावर पितळी तांब्या, शेजारी वही आणि पेन्सिल]

नमस्कार मंडळी. घरात आठवी-नववीतलं पोरगं असेल तर त्याला हाक मारा आणि हा तांब्या काढायला सांगा. बहुतेक पोरं तोंड छान लंबगोल काढतात आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सपाट. कारण तांब्या सरळ टेकतो, हे त्यांना माहीत असतं. जे माहीत आहे ते काढतात, जे दिसतंय ते राहून जातं.

[तांब्या डोळ्यांसमोर धरून]

बघा. तोंड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आणलं की गोल दिसतच नाही, नुसती रेघ. आता सावकाश खाली नेतो. रेघ उघडली. अजून खाली, अजून उघडली. म्हणजे तांब्या जमिनीवर असेल तर बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त यायला हवी!

मला हे नववीत सरांनी दाखवलं. त्या दिवशी घरी जाऊन मी रांजण, घागर, बादली, सगळ्यांसमोर वाकून, बसून बघत होतो. आई म्हणाली, "काय हरवलंय रे?"

दहावीत गेलो आणि चित्रकलेचा तास वेळापत्रकात राहिला, वर्गात मात्र गणित सुरू झालं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडं मराठवाड्यात शेती कोरडवाहू, पावसाचा भरवसा नाही. आईबाप पोटाला चिमटा काढून पोराला डॉक्टर करायला लातूरला क्लासला ठेवतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण "चित्रं काढून पोट भरतं का?" हे आपण विचारतो, वेरूळच्या इतक्या जवळ राहून!

कैलास लेणं आठवा. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. एकाच डोंगरात, वरून खाली कोरत आणलेलं. आधी शिखर, मग भिंती, तळातले हत्ती सगळ्यात शेवटी. बांधकामात चिरा चुकला तर बदलता येतो, इथं काढलेला दगड परत बसत नाही. वर छिन्नी चालवताना खाली हत्तीपुरता दगड राखायचा आहे, हे आधीच ठरलेलं हवं. अख्खं देऊळ डोक्यात उभं असल्याशिवाय हे होतं का?

आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेला घनभूमितीत पोरं काय करतात? घन वरून कसा दिसेल, समोरून कसा दिसेल, ते आखतात. वस्तू मनातल्या मनात फिरवून बघायची. वाळूजच्या कारखान्यात ड्रॉइंग वाचून काम करणाऱ्या फिटरला हेच लागतं. हाडाचा एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरलाही लागतं. म्हणजे ज्या डॉक्टरकीसाठी आपण हा तास काढून घेतो, तिथंही.

संकल्पचित्राचंही, म्हणजे ठरलेल्या आकारात नक्षी बसवण्याचंही, तसंच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत मान वर करून बघा. चौकटीमागून चौकट, आत कमळं, फळं, प्राणी. जागा ठरलेली, तरी नक्षी कंटाळवाणी होत नाही. पैठणच्या मागावर पदराचा मोर विणतात तेव्हा प्रत्येक रंगाची वेगळी कांडी आणि धाग्यांची मोजणी. मोजल्याशिवाय मोराची मान वळत नाही. चौकोनात नक्षी बसवताना पोरगं हाच हिशेब करतं, आणि तो चुकला की त्याचं त्यालाच दिसतं.

गुणांचंही सांगतो, कारण विचारलं जातंच. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा शाळेतूनच देता येतात. दोन्ही पास झालं की इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ए ला 7, बी ला 5, सी ला 3. पुढं याच वाटेनं जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरात सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबई-पुणं गाठायलाच हवं असं नाही. पण नुसत्या 7 गुणांसाठी फॉर्म भरलात तर पोरगं ठरावीक फुलं पाठ करून येईल.

पुढच्या पालकसभेत एवढं विचारा: चित्रकलेचा तास खरंच होतो का, की त्यात दुसरंच काही शिकवतात?

आणि आज संध्याकाळी तांब्या आधी पाटावर ठेवा, मग जमिनीवर. पोराला दोन्ही वेळा काढू द्या. बूड पुन्हा सपाट आलं तर लगेच खोडरबर देऊ नका. काही बोलू नका. तांब्याकडं बोट दाखवा.