कोणाच्या घराण्यातून आलं?

मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, आहे असं कळलं की घरात आधी उपचारांचं बोलणं होतं. मग दबक्या आवाजात दुसरा प्रश्न येतो: हे कोणाच्या घराण्यातून आलं? आणि फार वेळा बोट आईच्या माहेराकडे वळतं. आज मी या दुसऱ्या प्रश्नावरच बोलणार आहे, कारण त्या आईला त्याचं नीट उत्तर मिळायला हवं.

याचा शोध उंदरांपासून सुरू झाला. १९६४ मध्ये फ्रँक लिली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ल्युकेमियाचा एकच विषाणू टोचला तरी उंदरांच्या काही वाणांना रोग होतो आणि काही त्यातून सुटतात. हा फरक प्रतिकारशक्तीच्या एका जनुकसमूहाशी बांधलेला होता. माणसात त्याच समूहाला एचएलए म्हणतात. तो सहाव्या गुणसूत्रावर असतो. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडून ते टी-पेशींना, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, तपासायला देणारे रेणू हीच जनुकं घडवतात. साहजिकच मुलांच्या ल्युकेमियातही एचएलएचा मोठा वाटा निघेल, अशी आशा होती. प्रत्यक्षात काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही.

ठोस धागा मिळाला तो प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणाऱ्या जनुकांत. २००९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे आयकेझेडएफ१ आणि एआरआयडी५बी या दोन जनुकांकडे बोट दाखवलं. आयकेझेडएफ१ हे इकारोस नावाचं प्रथिन बनवतं. अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशीची बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणारी पांढरी पेशी, होताना ते लागतं. या जनुकांची जोखमीची रूपं समाजात सर्रास आढळतात. त्यातल्या एका प्रतीने धोका साधारण दीडपट होतो. आता ‘दीडपट’ ऐकून घाबरण्याआधी हिशेब करू. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया, साधारण दोन हजारांत एका मुलाला होतो. दीडपट म्हणजे चार हजारांत दोनाऐवजी तीन. उरलेली ३,९९७ मुलं तोच वारसा घेऊन निरोगी राहतात. ज्याला आपण ‘घराण्याचा दोष’ म्हणतो, तो बहुतेक कुटुंबांत एवढाच असतो, आणि दोन्ही घराण्यांत असू शकतो.

मग रोग नेमका कधी उफाळतो? मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. ईटीव्ही६ आणि आरयूएनएक्स१ ही दोन जनुकं चुकून एकमेकांना जोडली जाण्याचा बिघाड अनेकदा गर्भातच होतो. नवजात बाळांच्या जपून ठेवलेल्या टाचेच्या रक्ताच्या ठिपक्यांत तो सापडला आहे. एका वारेवर वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांत ही बिघडलेली पेशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. १९९९ मध्ये नोंदवलेल्या अशा एका जोडीत एकाला पाचव्या वर्षी ल्युकेमिया झाला, दुसऱ्याला चौदाव्या वर्षी. वारसा तोच, पहिला बिघाडही तोच, तरी नऊ वर्षांचं अंतर! म्हणजे आणखी काहीतरी घडावं लागतं.

ते काय असावं? ब्रिटिश संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांनी १९८८ मध्ये मांडलं, की तान्हेपणी नेहमीच्या जंतूंशी ओळख झाली नाही, तर पुढे प्रतिकारशक्ती अवाजवी जोरात उसळते आणि त्यात दुसरा बिघाड होऊ शकतो. २०१५ मध्ये स्पेन आणि जर्मनीतल्या संशोधकांनी पॅक्स५ हे बी-पेशींचं जनुक दोनपैकी एका प्रतीत निकामी असलेले उंदीर घेतले. रोगजंतूंपासून मुक्त जागेत ते ल्युकेमियापासून वाचले. नेहमीच्या संसर्गांत ठेवल्यावर त्यातल्या काहींना तो झाला, सगळ्यांना नाही. माणसात हे चित्र अजून पूर्ण झालेलं नाही, म्हणून ‘आम्ही बाळाला फार जपलं म्हणून झालं का’ असा ठपकाही कोणी स्वतःवर ठेवू नये.

अपवाद मात्र आहेत. पॅक्स५, ईटीव्ही६, जीएटीए२ यांतले ठळक दोष क्वचित काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. तिथे धोका खरोखर मोठा असतो. एकाच घरात दोघा-तिघांना रक्ताचे आजार झाले असतील, वारंवार गंभीर संसर्ग होत असतील किंवा प्लेटलेट कायम कमी असतील, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. हे दडवू नका. भावंडाची अस्थिमज्जा द्यायची वेळ आली, तर एचएलए जुळतं एवढंच पाहून अशा घरात चालत नाही. तो दोष दात्यातही आहे का, हे आधी तपासावं लागतं, नाहीतर ज्या पेशी बदलायच्या त्याच पुन्हा रुग्णाच्या अंगात जातील.