आनंदघन काका कोण?

नमस्कार मंडळी. मी तयारी वेगळ्याच विषयाची केली होती, पण मंगळवारपासून डोक्यात एकच चाललंय, तेच बोलते.

माझी लेक 11 वर्षांची. दिवाळीच्या कार्यक्रमात 'रेशमाच्या रेघांनी' म्हणणार आहे. गाडीत गाणं लावलं, तिनं फोनवर नाव वाचलं आणि विचारलं, "आई, हे आनंदघन काका कोण गं?" म्हटलं, अगं काका कुठले, त्या लतादीदी! गातायत आशाताई, चाल दीदींची. पोरगी जरा गप्प बसली, मग म्हणाली, "मग नाव का लपवलं?"

मग मला येत होतं ते सगळं सांगितलं. भालजी पेंढारकरांच्या चार सिनेमांना दीदींनी या नावानं संगीत दिलं, मराठा तितुका मेळवावा, मोहित्यांची मंजुळा, साधी माणसं, तांबडी माती. सिनेमा पडला तर एवढ्या मोठ्या गायिकेच्या नावाला धक्का नको, असं भालजींना वाटलं म्हणून टोपणनाव, असं सांगतात. 'ऐरणीच्या देवा' आठवतंय ना, त्या 'साधी माणसं'ला राज्य सरकारचं संगीताचं बक्षीस मिळालं तर स्टेजवरून आनंदघन आनंदघन पुकारतायत आणि या प्रेक्षकांत बसून, उठेचनात, शेवटी निवेदकानंच सांगून टाकलं!

त्यावर ती हसली. आणि मी उत्साहाच्या भरात पुढचंही सांगितलं, की हे गाणं लिहिणाऱ्या शांताबाई शेळकेसुद्धा सेन्सॉर बोर्डावर काम करायच्या म्हणून सिनेमाची काही गाणी 'वसंत अवसरे' नावानं लिहायच्या. 'जे वेड मजला लागले' त्या नावावर आहे.

"म्हणजे दोघींनी पुरुषाचंच नाव घेतलं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारणं सांगितली होती की, दोन्ही वेगळी, दोन्ही पटण्यासारखी. तरी तिचा प्रश्न तसाच राहिला.

त्या रात्री आपल्या गणपतीच्या कार्यक्रमाचा कागद काढून बघितला. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, संपलं. अहो, रेडिओवर गीत, संगीत, स्वर ऐकत वाढलेली माणसं आपण, निवेदिकेचा आवाज अजून कानात आहे, आणि आपणच गीतकार-संगीतकार गाळून टाकले? तो कागद मीच टाईप केला होता, म्हणून जास्त लागलं. आणि रागावू नका, पण त्याच कागदावर कार्यकारिणीची सगळी नावं आहेत, 300 मोदक ज्यांनी दोन रात्री जागून वळले त्यांचं एकही नाही. त्यांना तर कुणी टोपणनावसुद्धा विचारलं नाही.

शनिवारी निवेदनाची चिठ्ठी द्यायचीय. मी म्हटलं, संगीत लता मंगेशकर लिही. तर म्हणते, "पण त्यांनी स्वतः घेतलेलं नाव मी कसं बदलू?" तेही खरंच. चिठ्ठी फ्रिजवर लावलीय, गीत शांता शेळके, स्वर आशा भोसले लिहून झालंय, मधली ओळ अजून मोकळी आहे.