बाकड्यावरचं वाक्य

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की तळकोकणात जत्रा सुरू होतात. पालखीची प्रदक्षिणा होते आणि रात्री उशिरा देवळासमोर दशावतार उभा राहतो. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. राजाचं सिंहासन तेच, ऋषीचं आसनही तेच. सोबत पेटी, पखवाज, झांज. छापील संहिता मात्र शोधून सापडायची नाही. आख्यान कुठलं लावायचं हे बऱ्याचदा रंगपटात, तोंडाला रंग लावता लावता ठरतं, आणि संवाद नट जागच्या जागी रचतात.

मग या नाटकाचा मालक कोण?

कथेचा कुणीच नाही. आज एका कंपनीने कीचक मारला, उद्या शेजारच्या गावात दुसरीने मारावा. कॉपीराइट कथाकल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. एक नाटक आणि एक सिनेमा यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हेच सांगितलं. आमच्या नटांना ते आधीपासून ठाऊक होतं, एवढंच.

अडचण पुढे आहे. नाट्यकृती म्हणून हक्क सांगायचा तर ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने पक्की झालेली लागते. इथे तर वाक्य तोंडातून निघालं आणि समुद्राच्या वाऱ्यावर गेलं! पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि सादर करणाऱ्यालाही स्वतःचा हक्क मिळाला. त्याची मुदत आज ५० वर्षं आहे. सादर करणारे कोण, याची यादी वाचण्यासारखी आहे: नट, गायक, कसरतवाला, जादूगार, चक्क गारुडीसुद्धा. भाषण देणाराही त्यात आहे, म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलणारा मी गारुड्याच्या पंगतीला बसलोय.

तेव्हा जत्रेत पहिल्या रांगेत बसून अख्खा नाट्यप्रयोग फोनवर घ्यायचा आणि सकाळी जाहिरातींसकट यूट्यूबवर चढवायचा, तर आधी नटांना विचारायला हवं. विचारतो कोण!

छापील पुस्तकांची गोष्ट निराळी. तिथे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की ६० वर्षं मोजायची. पूर्वी ती ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार म्हणताना मुदतच दहा वर्षांनी वाढली. आमच्या पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचं लेखन २००१ च्या जानेवारीत सगळ्यांचं झालं असतं, ते २०११ च्या जानेवारीत झालं. गुरुजींचं काही अडलं नाही, त्यांची पुस्तकं घरोघरी होतीच. अडतं ते ज्याची एकच आवृत्ती निघाली, वारस मुंबईत कुठे राहतात ते कुणाला माहीत नाही, अशा लेखकाचं. त्याचं पुस्तक छापायला कुणी धजत नाही, आणि गावच्या वाचनालयातली वाळवी ६० वर्षं थांबत नाही. ही मुदत मला लांबच वाटते.

एका जत्रेत मी एका जुन्या नटाशेजारी बसलो होतो. समोरच्या पोरसवदा राजाने त्यांचंच एक गाजलेलं वाक्य टाकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते.

"वाक्य न्हेल्यान," ते म्हणाले, "पण तो थांबूक इसारलो."


नमस्कार.