रुमालाची गाठ

(पडद्यावर: दोन बोटं, एक गंजलेली टाचणी, पिवळा पडलेला कागद. पंख्याची घरघर.)

या टाचणीनं मुंबईचे किती पावसाळे काढलेत, ते तिच्या रंगावरूनच कळतंय. गंज कागदात उतरलाय. सरळ ओढली तर कागदाचा कपटा सोबत घेऊनच बाहेर येईल. म्हणून कागद आधी पालथा घातलाय. टाचणी आणि कागद यांच्या मधल्या फटीत पातळ पुठ्ठ्याची पट्टी सरकवलीय. आता ज्या वाटेनं ती आत गेली, त्याच वाटेनं मागे आणायची.

"हात थरथरतोय, सर."

"थरथरू दे. फक्त ओढू नका, ताई."

निघाली. तिच्या जागी आता दोन तपकिरी भोकं उरलीत. थोड्या वेळानं दाभणानं त्यांतूनच पांढरा दोरा ओवला जाईल, म्हणजे कागदाला तिसरं भोक पडणार नाही.

(पडद्यावर: सभागृह. लांब टेबलं, त्यांवर गठ्ठे. खिडकीबाहेर पाऊस.)

दक्षिण मुंबईतलं हे एक सरकारी सभागृह. जुलै महिना. अभिलेख व्यवस्थापनाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण सुरू आहे. समोर बसलेत वेगवेगळ्या कार्यालयांतले लिपिक, अव्वल कारकून, अभिलेखापाल आणि तीन शिपाई. शिपायांनाही बोलावलं, याचा मला विशेष आनंद आहे. कुठला गठ्ठा कुठल्या रॅकवर, कुठल्या कप्प्यात आहे, हे अनेक कार्यालयांत एकट्या शिपाईकाकांनाच ठाऊक असतं. ते निवृत्त झाले की ती माहितीही त्यांच्याबरोबर घरी जाते.

सरावासाठी मांडलेले गठ्ठे नष्ट करायला मंजुरी मिळालेल्या कागदांचे आहेत. जपून ठेवायचं दप्तर असं सरावाला कार्यालयाबाहेर न्यायचं नसतं. प्रशिक्षक हे सकाळी साडेदहालाच सांगून मोकळे होतात.

मग ते फळ्यावर एकच शब्द लिहितात. निंदणीकरण.

शासनाच्या परिपत्रकांत हा शब्द सर्रास येतो. अभिलेखांचं वर्गीकरण आणि निंदणीकरण. पण हा शब्द आला शेतातून. पीक ठेवायचं आणि तण उपटायचं, ती निंदणी. सर विचारतात, "इथे निंदणी कोणी कोणी केलीय?" हात वर होतात. बघा किती हात आहेत! कोणी साताऱ्याकडचे, कोणी कोकणातले, एक बाई थेट यवतमाळच्या. मागच्या रांगेतले एक काका उठून म्हणतात, "सर, लहान असताना तण आणि रोप सारखंच दिसतं. फरक बघायला वाकावं लागतं."

पुढचे दोन दिवस याच वाकण्याचे आहेत.

(पडद्यावर: फळा. अ, ब, क, क-१, ड. टेबलावर लाल, हिरवे, पिवळे, पांढरे रुमाल.)

'अ' म्हणजे कायम. 'ब' तीस वर्षं. 'क' दहा वर्षं, 'क-१' पाच वर्षं. 'ड' एक वर्ष. गठ्ठा बांधायच्या कापडाला इथे रुमालच म्हणतात, पेशव्यांच्या दप्तरापासून चालत आलेला शब्द. या टेबलावर 'अ'ला लाल रुमाल आहे, 'ब'ला हिरवा, 'क'ला पिवळा आणि 'ड'ला पांढरा. दारातून पाहिलं तरी कळावं, कुठल्या गठ्ठ्याला जपायचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. खरी चर्चा सुरू होते ती मुदत मोजताना. समजा, एक अर्ज आला. त्यावर पत्रव्यवहार झाला, टिपणी चालली, अपील झालं आणि चार वर्षांनी नस्ती, म्हणजे फाईल, बंद झाली. दहा वर्षं कधीपासून धरायची? निम्मं सभागृह म्हणतं, अर्ज आला त्या दिवसापासून. पण मुदत नस्ती बंद झाल्यापासून मोजायची असते. आरंभापासून मोजली तर नस्ती चार वर्षं आधीच मोडीत निघते. आणि बंद झाल्याची तारीख नस्तीच्या मुखपृष्ठावर कोणी लिहिलेलीच नसेल, तर पुढचा माणूस अंदाजानं ठरवतो. सर हे तीनदा सांगतात. चित्रीकरणात मी तिन्ही वेळा ठेवलंय.

(पडद्यावर: सहा पुठ्ठ्याच्या पाट्या. पाच-पाच जणांचे गट कागद वाटताहेत.)

दुपारी सहा गठ्ठा पद्धत. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत ही पद्धत जुनी आहे, कैक लिपिकांनी नोकरी लागली तेव्हा ती पाठही केलेली असते. टेबलावरचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात जायला हवा. कार्यवाही करायची आहे तो एक. कोणाच्या उत्तराची वाट पाहायची आहे तो प्रतीक्षाधीन. ठरावीक काळानं पाठवायची ती नियतकालिकं. पुन्हा पुन्हा लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रकं स्थायी आदेश संचिकेत. काम संपलेली प्रकरणं अभिलेख कक्षाकडे. आणि शेवटचा, 'ड' वर्गाचा, नष्ट करायचा.

सातवा गठ्ठा नाही. "बघू नंतर" असं म्हणून टेबलाच्या कोपऱ्यावर सरकवायची सोय ही पद्धत ठेवतच नाही.

या गटाकडे पाहा. खिडकीजवळचा. पांढऱ्या रुमालातला गठ्ठा सोडलाय. वरती सगळी स्मरणपत्रं, पोचपावत्या, सभेच्या सूचना. चष्मा लावलेल्या त्या ताई एकेक कागद उलटताहेत. बाकीच्या टेबलांवर चळतच्या चळत सरकतेय. त्या मात्र प्रत्येक कागदाची पाठ बघताहेत.

आणि थांबल्या.

दोन सूचनांच्या मध्ये घडी घातलेला एक कागद. उलगडला. मोजणीचा नकाशा. हातानं काढलेला, शाईच्या रेघा, बांधाच्या खुणा, खाली सही आणि शिक्का. मूळ प्रत.

(पडद्यावर: नकाशावर हळूहळू जमणारे चेहरे. इथे निवेदन नको, दहा सेकंद.)

हा कागद नष्ट करायच्या मंजूर यादीत होता. म्हणजे कोणीतरी गठ्ठा न सोडताच, वरच्या चिठ्ठीवरून यादी केली. हा कागद वाचला, तो ताईंनी पाठ उलटून पाहिली म्हणून.

(पडद्यावर: काळा घोडा. एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत, पावसात.)

मुंबई सरकारनं आपलं रेकॉर्ड ऑफिस सुरू केलं १८२१ साली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा गव्हर्नर होते. पुढे त्याचं राज्याचं पुराभिलेखागार झालं. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या, एल्फिन्स्टन कॉलेजच्या या इमारतीत ते वर्षानुवर्षं नांदलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे कागद त्यात आहेत, मोडीतले आहेत, आणि मोडी वाचणारी माणसं तयार व्हावीत म्हणून पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. ९ जूनला जगभर अभिलेखागार दिन साजरा होतो, कारण १९४८ साली त्याच तारखेला अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तेव्हा जुनी कागदपत्रं काचेखाली मांडली जातात, मुलं येतात, फोटो काढतात. मला ते आवडतं. पण काचेखालचा प्रत्येक कागद कधीतरी एखाद्या कारकुनाच्या टेबलावर होता, आणि त्यानं तो पांढऱ्या रुमालात टाकला नाही, म्हणून आज तिथे आहे.

(पडद्यावर: दुसरा दिवस. थाळीत पाणी, ब्रश, वाटीत खळ.)

आज ज्या मावशींच्या वयाच्या बाई शिकवताहेत, त्यांनी सारा जन्म फाटके कागद जोडण्यात घालवला. समोर मैद्याची खळ आहे. तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. कागद आंबट झाला असेल, बोट लावताच तुटत असेल, तर आधी चुन्याची निवळी. मग फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, आणि फारच जीर्ण असेल तर दोन्ही बाजूंनी शिफॉनचं तलम कापड. अक्षर त्यातून वाचता येतं.

ब्रश मधून कडेकडे न्यायचा. बघा. मधून कडेकडे. हवेचा बुडबुडा बाहेर ढकलत.

"चिकटपट्टी लावली तर?" एक तरुण लिपिक विचारतो. बाई उत्तर देत नाहीत. पिशवीतून एक कागद काढून त्याच्या हातात ठेवतात. पट्टी कधीच गळून पडलीय. राहिलाय तो तेलकट, तांबूस पट्टा, आणि त्याखाली अर्धी सही.

मुंबईच्या हवेत कागद सांभाळणं पुण्या-नाशिकपेक्षा अवघड आहे, हे बाई आवर्जून सांगतात. कपाट भिंतीला टेकवायचं नाही, मध्ये वीतभर जागा सोडायची. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वर. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाटामागे हात घालून भिंत चाचपायची. ओल हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली, पाच माणसं गेली, आणि फायलींची राख झाली. या दोन तारखा या शहरात कोणाला सांगाव्या लागत नाहीत.

कायदाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. मनमानीनं अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माहिती अधिकाराच्या कायद्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले अभिलेख सूचीबद्ध करून, निर्देशांकासह ठेवावेत. तरी "अभिलेख आढळून येत नाही" हे उत्तर लोकांना मिळतच राहतं. माझ्या वडिलांनाही मिळालं होतं. सेवापुस्तकाची मधली पानं नव्हती, निवृत्तिवेतन अकरा महिने अडलं.

(पडद्यावर: स्कॅनर. त्याच्या उजेडाची पट्टी सरकते.)

आता सगळे म्हणतात, स्कॅन करा, प्रश्न मिटला. सर इथे ठाम आहेत आणि मीही त्यांच्याच बाजूची आहे. आधी निंदणी, मग स्कॅन. न निवडलेला गठ्ठा यंत्रात घातला, तर पोचपावत्यांचीही चित्रं निघतात, त्यांनाही जागा लागते, पैसे लागतात, आणि मोजणीचा नकाशा त्यांतच हरवतो, या वेळी संगणकात. फाईलला नाव काय दिलंय पाहा: स्कॅन शून्य शून्य एक. हे नाव पाच वर्षांनी कोणाला काय सांगणार? विषय, नस्ती क्रमांक, वर्ष, वर्ग, नष्ट करायचा दिनांक, एवढं तरी हवं. कपाटातल्या चिठ्ठीवर जे लिहायचं, तेच इथे.

कार्यालयांत अजून म्हणतात, "त्याला रेकॉर्डला टाकलं." शिक्षा झाल्यासारखं. या दोन दिवसांत इथे बसलेल्या माणसांकडे पाहून तरी हे बोलणं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. या कामाला नजर लागते, हात लागतो, आणि नेमणूक त्या तयारीच्या माणसाचीच व्हायला हवी.

(पडद्यावर: दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. टेबलावर फक्त नकाशा आणि एक कोरा कागद.)

नकाशा ज्या कार्यालयाचा, तिथे परत जायचाय. ताई पत्र लिहिताहेत. विषय. संदर्भ. सोबत: मूळ नकाशा, एक. यादीत झालेल्या चुकीची नोंद घ्यावी आणि राहिलेले गठ्ठे नष्ट करण्यापूर्वी पुन्हा तपासावेत, ही विनंती. जावक क्रमांक पडतो.

नकाशा त्यांनी टिश्यूत गुंडाळलाय. शिपाईकाका लाल रुमाल पसरतात, चौकोनी, एक टोक आपल्याकडे. समोरासमोरची टोकं आधी, उरलेली दोन नंतर. गाठ वर यायला हवी, बाजूला नाही, म्हणजे रॅकवर गठ्ठा कलत नाही.

"सर," ताई विचारतात, "या पत्राची स्थळप्रत कुठल्या वर्गात लावू?"

"नकाशा ज्या नस्तीतला, तिचा जो वर्ग तोच. पत्र नकाशासोबत राहील."

काका गाठ पुन्हा सोडतात. पत्राची प्रत आत ठेवतात. पुन्हा बांधतात.