उरलेलं मेण

(दृश्य: वसईतली एक दफनभूमी. ३ नोव्हेंबरची सकाळ.)

काल मृतांच्या स्मृतिदिनी इथे पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या. आज माणसं नाहीत, मेण आहे. कुठे ओघळून फरशीला चिकटलेलं, कुठे बोटभर उभं राहिलेलं.

मावशी खुरपं घेऊन आल्या आहेत. सासू-सासरे आणि धाकट्या दिराच्या कबरीवरचं मेण त्या हलक्या हाताने सोडवतात आणि डब्यात भरतात. नाताळच्या गोठ्यासमोर, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासमोर, त्याच मेणाच्या मेणबत्त्या लागणार आहेत.

(दृश्य: विझवलेल्या मेणबत्तीतून निघणारा पांढरा धूर. पेटती काडी धुराजवळ येते, ज्योत धुरावरून खाली वातीवर उतरते.)

हे पुन्हा पाहा. काडी वातीला लागलेलीच नाही. तो धूर म्हणजे मेणाची वाफ, आणि मेणबत्तीत जळते ती हीच वाफ. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, वर त्याची वाफ होते. १८६० च्या नाताळात मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. बोलण्यासारखं तेवढं तिच्यात खरंच आहे.

म्हणजे उरलेलं मेण हे वातीपर्यंत कधी पोचलंच नाही असं मेण. दफनभूमीत वारा ज्योत एका बाजूला झुकवतो, ती कड वितळते आणि मेण वाहून जातं. घरात दोष बहुधा वातीचा. बारीक वात मधोमध विहीर खणत जाते, कडेचं मेण जागच्या जागी राहतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. पातेल्यात पाणी, पाण्यात पत्र्याचा डबा.)

मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, ही मावशींची पहिली अट. पॅराफिन मेण साधारण ६० अंशांना वितळतं. पाणी कितीही उकळलं तरी १०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे डब्यातलं मेणही जात नाही. थेट आचेवर मात्र ते तापतच राहतं आणि कधीतरी पेट घेतं. पेटलंच, तर त्यावर पाणी कधीही ओतू नका. पाणी मेणाच्या खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं. गॅस बंद करा, झाकण ठेवा. मावशींचा नातू म्हणूनच दाराबाहेर उभा राहून बघतोय.

वाळू तळाशी बसते. काजळी, काड्या, जुन्या वाती मलमलीच्या फडक्यात अडकतात. लाल, हिरवं, पिवळं एकत्र वितळवलं की मातकट रंग येतो, म्हणून पांढरं मेण त्या वेगळं ठेवतात.

मला विचाराल तर सगळं कसब वातीत आहे. मावशींनी पहिल्या वर्षी शिवणाचा दोरा घातला होता, आणि ज्योत आपल्याच मेणात बुडून विझली. आता त्या सुती दोऱ्याचे तीन पदर वेणीसारखे विणतात, मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवतात, मग वितळलेल्या मेणात बुडवतात. बुडबुडे थांबले की बाहेर काढून ताठ ओढायचं. विणलेली वात जळताना टोकाशी वाकते, ज्योतीच्या कडेला येते आणि तिथे आपोआप जळून जाते. नुसता पिळलेला दोरा सरळ उभा राहतो, काजळी धरतो, आणि मग कात्रीने छाटत बसावं लागतं.

(दृश्य: नारळाच्या करवंट्या. वरून आडवी काडी, काडीला बांधलेली वात. मेण ओतलं जातं.)

थंड होताना मेण आकसतं, वातीभोवती खळगा पडतो. त्यासाठी वाटीभर मेण बाजूला ठेवलेलं असतं, ते दुसऱ्यांदा ओतायचं. डबा मोरीत धुवायचा नाही, पाइपात मेण गोठतं. गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी मावशी एकच मेणबत्ती लावून बघतात. ज्योत धुरकट झाली, तर वात जाड आहे. मेण मधेच खचलं, तर बारीक. बाकीच्या वाती त्याप्रमाणे बदलायच्या.

(दृश्य: २४ डिसेंबरची रात्र. गोठ्यासमोर करवंटी.)

तास झाला आहे. मावशी वाकून बघतात. वितळलेल्या मेणाचं तळं करवंटीच्या कडेपर्यंत पोचलं आहे.