‘रंग रसिया’, पुणेकर आणि मळवलीचा छापखाना

(दृश्य : टिळक रस्ता, संध्याकाळ. चित्रकलेचे विद्यार्थी, हातात स्केचबुक.)

पुण्यात ‘रंग रसिया’चा विषय निघाला की आधी रणजित देसाईंचं नाव येतं. केतन मेहतांचा हा चित्रपट त्यांच्याच ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीवर बेतलेला. २००८ साली तयार झाला, पण आपल्याकडच्या चित्रगृहांत लागायला २०१४ उजाडलं. कादंबरी तोवर घरोघरी वाचून झालेली. त्यामुळे इथला प्रेक्षक आपापला रविवर्मा मनात घेऊनच आत शिरतो. रणदीप हूडा काहींना मनापासून पटतो. काहींना त्याच्यात चित्रकारापेक्षा प्रियकरच जास्त दिसतो.

नंदना सेननं साकारलेल्या सुगंधाबद्दलही, म्हणजे चित्रपटातल्या रविवर्म्याच्या प्रेयसीबद्दलही, दोन तट पडतात. पण चित्रकला शिकणाऱ्यांची तक्रार वेगळीच आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. पडद्यावर रंग उधळलेले दिसतात, चित्र घडताना फारसं दिसत नाही. तैलरंगात एक थर वाळेपर्यंत थांबावं लागतं. जरीचा काठ, मोत्याची झळाळी, गालावरचा उजेड हे सगळं त्या थांबण्यातून येतं. रविवर्मा मोठा आहे तो तिथे!

(दृश्य : मळवली स्टेशन. लोणावळा लोकल.)

छापखान्यावर मात्र लोक बोलतच नाहीत, याची मला खंत वाटते. आपल्या देवादिकांच्या चित्रांच्या प्रती काढायला रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये तो इथे, मळवलीला हलला. कार्ल्या-भाज्याची लेणी बघायला आपण याच स्टेशनवर उतरतो. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. छपाई शिळाछापाची, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्राचा ठसा कागदावर उमटवायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि कागद तितक्या वेळा यंत्राखालून जायचा. एखादा रंग केसभर सरकला तरी लक्ष्मीचा चेहरा बिघडणार. पुढे दादासाहेब फाळकेही या छापखान्याशी जोडले गेले. १९७२ च्या आगीत तो जळाला.

(दृश्य : जुन्या शिळाछापाचं चित्र, जवळून.)

देव घराघरांत पोहोचवले ते रविवर्म्यानंच, असं मनात धरून अनेक जण चित्रपटगृहाबाहेर पडतात. इथे जाणत्या पुणेकराला टोकावंसं वाटतं, आणि त्याचं बरोबर आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची चित्रशाळा पुण्यात १८७८ मध्येच सुरू झाली होती. देवादिकांची, पेशवाईतल्या माणसांची रंगीत चित्रं तिथून निघत होती. रविवर्म्यानं त्या देवांना हाडामांसाचं अंग दिलं, छाया-प्रकाश दिला, नेसायला आपल्याकडची लुगडी दिली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर अशी लक्ष्मी, अशी सरस्वती येऊ शकली. रविवर्म्याच्या चित्रांवरच्या अश्लीलतेच्या खटल्याला चित्रपटानं भरपूर वेळ दिला आहे. त्यातला थोडा त्या दगडांना आणि शाईनं हात माखलेल्या कामगारांना मिळायला हवा होता.